थकबाकी कोणाच्या नावे? कॉलेजच्या फीच्या स्क्रीनचं एक वाचन



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा येतो. आज आम्ही ज्या मजकुराबद्दल बोलणार आहोत तो कुणी हौसेनं वाचत नाही. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे सर्वांत मन लावून वाचला जाणारा मजकूर बहुधा तोच असावा. रात्री जेवणं आटोपल्यावर मुलगी मोबाईल घेऊन बसते, वडील पासबुक काढतात, आई भांडी तशीच ठेवून येऊन उभी राहते, आणि अंगठा 'पे नाऊ' या बटणाजवळ जाऊन थांबतो. सगळ्यांचे श्वास तिथं अडकलेले असतात. कॉलेजची फी ऑनलाइन भरायची ती स्क्रीन आणि तिच्यामागे असलेलं विद्यार्थ्याचं खातं, हा आजचा विषय.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळी एक टेबल मांडून बसणारी आम्ही पाच माणसं. एक कॉलेजातून निवृत्त झालेले हेडक्लार्क, एक बँकेत आयुष्य काढलेले गृहस्थ, दोघं शिकवणारे, आणि एक नुकतीच इंजिनीअर झालेली मुलगी. फॉर्म भरायला, पैसे अडकले तर अर्ज लिहायला, शिष्यवृत्तीचं काय झालं ते बघायला पोरं येतात. आम्ही काही तज्ज्ञ नाही. पण एकच मजकूर शेकडो वेळा दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचला की त्यातल्या खाचाखोचा कळायला लागतात. त्या वाचनातून जे सुचलं ते मांडतो.

सुरुवात एका प्रसंगानं करतो. २०२४-२५ सालातली गोष्ट. तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी हिवाळी परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे आली. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली, इतर मागास वर्गातली, खासगी कॉलेज. त्या वर्षीच्या ८ जुलैला राज्य सरकारनं निर्णय काढला होता. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. उरलेल्या बाबींचे पैसे तिनं जुलैतच भरले होते, पावतीही होती. तरी कॉलेजच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे लाल अक्षरांत 'आउटस्टँडिंग' आणि पुढे ७६,००० रुपये. खाली आणखी एक ओळ, की बाकी असेपर्यंत परीक्षेचा फॉर्म उघडणार नाही. ऑफिसात गेली तर खिडकीवरचे म्हणाले, "सिस्टीम घेत नाही बाळ, आमच्या हातात काही नाही. निम्मे भर, मग फॉर्म खुला करतो."

तिच्या आईनं बचत गटातून ३८,००० रुपये उचलले. शेकडा दोन. म्हणजे महिन्याला ७६० रुपये व्याज. सरकारचे पैसे कॉलेजकडे येऊन तिच्या खात्यात वळते व्हायला सात महिने लागले. मुद्दल तसंच ठेवून सात महिन्यांचं नुसतं व्याज ५,३२० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

आता हा प्रसंग सांगितला की लोक लगेच म्हणतात, कॉलेजवाले लुटारू, किंवा सरकार असंच. आम्हाला तिथं थांबायचं नाही. आम्हाला त्या स्क्रीनवरचा तो एक शब्द वाचायचा आहे. आउटस्टँडिंग. मराठीत थकबाकी. थकबाकी कोणाची?

आमच्या हेडक्लार्क काकांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. ते नोकरीला लागले तेव्हा कॉलेजात दोन वह्या असत. रोजकीर्द आणि खतावणी. आज काय आलं, काय गेलं ते रोजकीर्दीत. मग संध्याकाळी रोजकीर्दीतली प्रत्येक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. काका म्हणाले, "नावे टाकायचं म्हणजे कोणाच्या तरी नावावर देणं लिहायचं. लेखणी उचलायच्या आधी विचारावं लागायचं, कोणाच्या नावे? फीमाफीचा विद्यार्थी असला तर त्याची फी त्याच्या पानावर नाही चढायची. समाजकल्याण खात्याचं वेगळं पान असायचं, तिथं चढायची. पैसे उशिरा आले तर त्या पानावर लाल खूण. पोराच्या पानावर नाही."

आमच्या सगळ्या बोलण्याचं सार या एका वाक्यात आहे. जुन्या वहीत दोन देणेकरी होते, विद्यार्थी आणि सरकार. आम्ही पाहिलेल्या बहुतेक स्क्रीनवर देणेकरी एकच आहे. ज्यानं लॉगिन केलं तो. सरकार लॉगिन करत नाही, म्हणून सरकारचं देणंही लॉगिन करणाऱ्याच्या डोक्यावर.

हा तांत्रिक तपशील वाटेल. पण बघा त्यानं काय होतं. फीमाफी ही आपल्याकडे दया म्हणून आलेली गोष्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला घेतली, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. आज राज्यात शिक्षण शुल्काच्या एका मोठ्या योजनेला शाहू महाराजांचंच नाव आहे. या सगळ्यामागे विचार एकच: काही मुलांच्या शिक्षणाचा खर्च हा समाजाचा खर्च आहे. आणि समाजाचा खर्च असेल तर त्याचं देणंही समाजाच्या नावे पडलं पाहिजे. स्क्रीन तो विचार एका रकान्यात पुसून टाकते. शासन निर्णयात ती मुलगी हक्कदार, आणि पोर्टलवर थकबाकीदार.

कोणी म्हणेल, शब्दाला काय एवढं? शब्दाला महत्त्व आहे, कारण या ठिकाणी शब्दाला कुलूप जोडलेलं आहे. परीक्षेचा फॉर्म, निकाल, दाखला, हे सगळं त्या एका आकड्याला बांधलेलं. खिडकीवरच्या माणसाला पूर्वी डोकं वापरायची मुभा होती. तो पान बघायचा, समाजकल्याणचे पैसे यायचे आहेत म्हणायचा आणि फॉर्मवर शिक्का मारायचा. आता तो म्हणतो सिस्टीम घेत नाही. आणि तो खोटं बोलत नाही! सिस्टीम खरंच घेत नाही. पण सिस्टीम आभाळातून पडलेली नाही. कोणता आकडा शून्य झाला की कुलूप उघडेल हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. ठरवताना त्याच्यासमोर वसुली होती, खतावणी नव्हती.

आता दुसरी बाजू. ती प्रामाणिकपणे मांडली नाही तर आमचं बोलणं तक्रारवही होईल.

कॉलेज म्हणतं, आम्ही पगार कशातून द्यायचे? विनाअनुदानित कॉलेजचा गाडा फीवरच चालतो, आणि शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष उलटून गेल्यावर येते. हे खरं आहे. कॉलेज आणखी म्हणतं, विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी हमीपत्र लिहून दिलंय, सरकारनं पैसे दिले नाहीत तर मी भरीन म्हणून. हेही खरं, अशी हमीपत्रं घेतली जातात. पण गावाकडे जामीन राहिलेल्या कुणालाही विचारा. सोसायटीच्या वहीत कर्जदाराचं नाव कर्जदाराच्या रकान्यात असतं, जामीनदाराचं जामीनदाराच्या. कर्जदार अजून नाही म्हणालेला नाही, त्याचा अर्ज मंजूर आहे, पैसे वाटेत आहेत, आणि तुम्ही जामीनदारालाच कर्जदार म्हणून फलकावर लावता, असं कोणती सोसायटी करते? पात्र विद्यार्थ्यांकडून माफीची रक्कम मागू नये, असं सरकारनं संस्थांना वेळोवेळी बजावलेलं आहे. पण बजावणं परिपत्रकात राहतं आणि वसुली सॉफ्टवेअरमध्ये असते. या दोघांची गाठ पडत नाही.

आणि ऑनलाइन नको, पुन्हा खिडकीच बरी, असंही आम्ही म्हणत नाही. ज्यांनी डीडी काढलेत त्यांना आठवत असेल. तालुक्याच्या बँकेत चलान भरायला सकाळी नऊपासून रांग, जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद, डीडीचं कमिशन वेगळं, आणि कॉलेजात पोचल्यावर कळायचं की डीडीवर नाव चुकलंय. (हशा) मुलीच्या फीसाठी बापाची दोन दिवसांची मजुरी बुडायची. शिवाय रोखीचा एक काळा कोपरा होता. महाराष्ट्रानं कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ मध्येच केला, तो उगाच नाही केला. ऑनलाइन भरलेल्या प्रत्येक रुपयाची खूण राहते, हा फार मोठा फायदा आहे. त्यामुळे आमचं भांडण पैसे भरण्याच्या सोयीशी नाही. आमचं म्हणणं असं, की या स्क्रीनला पैसे घेता येतात, पण हिशेब देता येत नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत.

हिशेब देता येत नाही म्हणजे काय, ते तीन ठिकाणी दाखवतो.

पहिलं ठिकाण, अडकलेलं पेमेंट. बँकेतून पैसे गेले, मेसेज आला, आणि कॉलेजच्या स्क्रीनवर 'फेल'. फॉर्मची मुदत रात्री बाराला संपतेय. पोरगा घाबरून दुसऱ्यांदा भरतो. आता दोनदा गेले. आमच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत नेहमीची. इथं नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलंय. यूपीआयनं एखाद्या व्यापारी खात्याला पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून वजा झाले, पण समोरच्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. हे किती पालकांना माहीत आहे? फीच्या स्क्रीनवर 'बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका' एवढंच असतं. म्हणजे तुमचं काय चुकू शकतं ते मोठ्या अक्षरांत, आणि त्यांच्याकडून चुकलं तर काय, ते कुठंच नाही.

इथं थोडं कामाचं बोलून घेतो. पेमेंट फेल दिसलं तर पहिल्यांदा बँकेचं स्टेटमेंट बघा. पैसे गेले असतील तर यूपीआयच्या व्यवहारातला यूटीआर नंबर लिहून घ्या, स्क्रीनचा फोटो काढा, आणि त्याच दिवशी कॉलेजच्या लेखा विभागाला ई-मेल करा. तोंडी सांगू नका. मुदत संपत असेल तर ई-मेलमध्ये तसं लिहा, म्हणजे वेळेत भरल्याचा पुरावा राहतो. मग बँकेकडे तक्रार. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. आणि एक, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून फी भरू नका. कॉलेजच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन भरा.

दुसरं ठिकाण, फीची फोड. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवायला आपल्याकडे २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते प्रत्येक कॉलेजची प्रत्येक अभ्यासक्रमाची मंजूर फी जाहीर करतं. म्हणजे कायद्यानं फी हा उघडा मजकूर आहे. पण स्क्रीनवर काय दिसतं? आम्ही पाहिलेल्या एका स्क्रीनवर दोनच ओळी होत्या. 'ट्यूशन फी' आणि 'अदर फीज'. या 'अदर'मध्ये विकास शुल्क आहे का, वाचनालय आहे का, परत मिळणारी अनामत आहे का, स्नेहसंमेलनाची वर्गणी आहे का, काही कळत नाही. मंजूर फीशी ताडून बघायचं तर कशाशी ताडायचं?

फोड नसल्याचा खर्च घराला दोन्हीकडून होतो. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची, मग 'अदर' फुगलं की माफी आपोआप आकसते. आणि नोकरदार पालक जुन्या करपद्धतीत दोन मुलांपर्यंतच्या शिक्षण शुल्काची वजावट घेतो, तेव्हा त्यातही फक्त शिक्षण शुल्कच धरतात. विकास शुल्क, देणगी, वसतिगृह धरत नाहीत. पावतीवर फोड नसेल तर तो काय दाखवणार? पावती म्हणजे नुसता पैसे मिळाल्याचा कागद नाही. कशाबद्दल मिळाले, हे सांगणारा कागद म्हणजे पावती.

तिसरं ठिकाण, परतावा. मुलाला दुसऱ्या फेरीत दुसरं कॉलेज मिळालं, पहिलं सोडायचंय. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये याची पायरी ठरवून दिली. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी परत, तेही प्रक्रियेचा खर्च म्हणून पाच टक्के आणि फार तर ५,००० रुपये कापून. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, आणि त्यापुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्यातच आहे. पुढे काही वर्षी आयोगानं याहून सैल नियम लावले. २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा सांगितला होता. म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीची सूचना शोधून वाचायची सवय ठेवा.

आता स्क्रीनकडे बघा. भरण्यासाठी बटण आहे. परत मागण्यासाठी बटण नाही. तिथं अर्ज आहे, अर्जाला प्राचार्यांची सही आहे, सहीला दुपारी तीन ते पाच ही वेळ आहे. पैसे घेताना आपण एकविसाव्या शतकात असतो, परत करताना चलानाच्या रांगेत. ज्या यंत्राला तुमचं खातं माहीत आहे, रक्कम माहीत आहे, तारीख माहीत आहे, त्याला परतीची वाट माहीत नसावी, हा योगायोग नाही. ती बांधलीच नाही.

हप्त्यांबद्दलही सांगायला हवं, कारण तिथं एक जुना शब्द नवीन अर्थानं आलाय. पूर्वी हप्ता म्हणजे प्राचार्यांना अर्ज करायचा, ते म्हणायचे दिवाळीपर्यंत दे. देणेघेणे कॉलेज आणि घर यांच्यातलं. आता काही स्क्रीनवर 'ईझी इन्स्टॉलमेंट' दाबलं की त्यामागे एक कर्ज देणारी कंपनी असते. कॉलेजला पूर्ण पैसे मिळून जातात, आणि मुलाच्या किंवा बापाच्या नावावर कर्ज चढतं. ते वाईटच असं नाही. पण ते कर्ज आहे, हे कळलं पाहिजे. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेल्या नियमांत, करार करण्याआधी सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं एक पत्रक द्यायला हवं. ते मागा. पत्रक नसेल तर बटण दाबू नका.

एक गुंता आणखी आहे आणि तो आमच्या मूळ प्रश्नाला टोक आणतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम २०२१ मध्ये बदलले. आता केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि विद्यार्थ्यानं तो आल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायचा. हेतू चांगला आहे, पैसा मुलाच्या हातातून जावा. पण आधारवरून येणारा पैसा ज्या खात्याशी आधार शेवटचं जोडलं त्या खात्यात जातो. आमच्याकडे एक मुलगा आला होता. त्यानं पासबुक तीनदा भरून आणलं, पैसे नाहीत. शेवटी कळलं, मधे कधीतरी सिमकार्ड घेताना कुठल्याशा ॲपवर एक खातं उघडलं गेलं होतं, आधार तिकडे जोडलं गेलं, पैसे तिकडे येऊन पडलेले. सात दिवस केव्हाच संपले होते आणि कॉलेजच्या स्क्रीनवर तो थकबाकीदार. म्हणून सांगतो, शिष्यवृत्तीचा अर्ज करायच्या आधी आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते बँकेत जाऊन तपासा.

या योजनेत विद्यार्थी एका भागाचा खराच देणेकरी आहे, तो भाग हातात आल्यावर. राज्याच्या वाट्याचा नाही. आणि हातात यायच्या आधी तर कशाचाच नाही. म्हणजे आता खात्यात तीन वेगळ्या ओळी हव्यात: विद्यार्थ्यानं स्वतः भरायचे, विद्यार्थ्याच्या खात्यात आल्यावर भरायचे, आणि सरकारकडून यायचे. नियम जितके बारीक झाले तितकी खतावणी बारीक व्हायला हवी होती. झालं उलटंच. नियम तीन ओळींचे झाले आणि स्क्रीन एका आकड्याची.

तर आमची मागणी साधी आहे. परीक्षेच्या फॉर्मचं कुलूप फक्त पहिल्या ओळीला लावा, आणि फार तर दुसरीला, तेही पैसे आल्याची खात्री करून. तिसरी ओळ सरकारच्या नावे ठेवा. ती लाल करायची तर खुशाल करा, म्हणजे सरकारचं किती महिन्यांचं देणं थकलंय ते प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत्येक पालकाला, उद्या विधिमंडळात प्रश्न विचारणाऱ्यालाही दिसेल. कॉलेजांनाही यातच हित आहे. आज ती सरकारशी भांडायचं सोडून सर्वांत दुबळ्या माणसाशी भांडतायत, कारण स्क्रीनवर तोच एकटा दिसतो. आणि हे सगळं मराठीत लिहा. जमा आणि नावे हे शब्द गावातल्या किराणा दुकानदाराला कळतात, बचत गटातल्या बाईला कळतात. फीच्या स्क्रीनलाच ते वर्ज्य का?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांची 'कमवा आणि शिका' ही योजना आपण गौरवानं सांगतो. तिच्याकडे हिशेबाच्या नजरेनंही बघता येतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे श्रमही जमेच्या बाजूला लिहिता येतात, असं ती योजना म्हणते. म्हणजे आपल्याकडे शिक्षणाच्या खात्यात जमेची बाजू रुंद करण्याची परंपरा आहे. आपण जी यंत्रणा बांधली तिनं नावेची बाजू रुंद केली.

आता ते ५,३२० रुपये.

ती मुलगी पास झाली. सात महिन्यांनी सरकारचे पैसे आले, तिचे ३८,००० कॉलेजनं पुढच्या वर्षीच्या फीत वळते करून घेतले. स्क्रीनवर बाकी शून्य झाली, हिरव्या अक्षरांत. स्क्रीनच्या दृष्टीनं गोष्ट संपली. ती पेढे द्यायला आली तेव्हा आईही बरोबर होती. आई बचत गटाचा हिशेब स्वतः लिहिते. तिनं हेडक्लार्क काकांना विचारलं, "भाऊ, गटाचं व्याज मी भरलं ते कोणाच्या नावे टाकायचं?"

काकांनी चाळीस वर्षं खतावणी लिहिली आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. आम्हालाही आलं नाही. आज हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो आणि थांबतो. चर्चेला वेळ आहे. कुणाकडे आपल्या फीची पावती किंवा स्क्रीनचा फोटो असेल तर पुढे या, सगळे मिळून वाचू.